शाल घ्यायला उभं राहावं लागतं

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका अलीकडे एकाएकी थोर कलावंत झाले. त्याआधी ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आणि सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार करणारे गृहस्थ होते. आमचं सगळ्यांचं तेवढ्या ओळखीवर भागत होतं. ते घरी ऑर्गन वाजवतात हे इमारतीत माहीत होतं. दुपारी आवाज यायचा. बिबवेवाडीत दुपारी बरेच आवाज येतात, फरशी कापण्याचा येतो, भंगारवाल्याचा येतो, त्यात हा एक.

मी एका कंपनीत हिशेब तपासते. सोसायटीची खजिनदारही मीच, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही. काका मला खजिनदारबाई म्हणतात. त्यात थट्टा किती आणि आदर किती, हे मी कधी तपासलेलं नाही.

त्यांना शोधून काढलं ते खराडीत नोकरी करणाऱ्या एका मुलीनं. मुलगी नागपूरकडची. आठवडाभर संगणकावर काम करते आणि सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या खोलीत स्वतःची गाणी तयार करून इंटरनेटवर टाकते. जुन्या बाजारात तिला काही कॅसेट मिळाल्या. त्यातल्या एकीवर कुणीतरी घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेला संगीत नाटकाचा प्रयोग होता. दोन पदांच्या मधला ऑर्गनचा तुकडा तिला इतका आवडला, की तिनं तेवढाच कापून लोकांसमोर ठेवला. कॅसेटच्या शेवटी साथीदारांची नावं वाचून दाखवलेली होती. काकांच्या कुण्या नातेवाइकानं ते ऐकलं, पत्ता कळवला आणि एका रविवारी मुलगी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मी भाजी घेऊन येत होते. मीच तिला खाली घेऊन गेले.

तिनं फोनवर तो तुकडा लावला आणि विचारलं, "काका, हे तुम्हीच आहे नं?"

काकांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मीच. पण गाणाऱ्यानं इथं एक आवर्तन आधीच सुरुवात केली. मला तोडावं लागलं. पुढचं राहिलंच."

हे वाक्य मी तेव्हा सहज ऐकलं आणि सोडून दिलं. पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ तेच होतं.

संगीत नाटक न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. ऑर्गनला पेटीसारख्याच पट्ट्या असतात, पण भाता हातानं नाही, दोन्ही पायांनी चालवायचा असतो. त्यामुळे हात दोन्ही मोकळे राहतात आणि सूर भरघोस येतो. वाजवणारा रंगमंचाच्या खाली बसतो. उजेड वर गाणाऱ्यावर असतो. काकांनी कचेरी सुटल्यावर आणि सुट्ट्या जोडून, गावोगाव हिंडून हे काम केलं. प्रयोग संपला की वर नटमंडळींचे फोटो निघायचे, तोवर हे खाली आपलं वाद्य झाकून ठेवत असायचे.

"आयुष्यभर दुसऱ्याच्या मागून वाजवलं," ते मला एकदा म्हणाले. "तक्रार नाही. साथ म्हणजे तेच. पण एकदा तासभर एकट्यानं वाजवायचंय, आणि समोर बसलेल्यांनी ते ऐकायचं. एवढंच आहे."

एवढंच म्हटलं तरी त्याला मुदत होती. काकांचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती, आणि त्यानंतर ऑर्गनचे पायटे दाबता येतील का, या प्रश्नावर डॉक्टरांचं उत्तर होतं, "चालता येईल." काका शस्त्रक्रिया पुढे ढकलत होते ते या तासासाठी. लोक म्हणायचे, मग पेटी वाजवा, सूर तेच. काका त्यांना उत्तर देत नसत. काकू द्यायच्या. "बरोबर आहे. आणि भाताऐवजी पोहे खा, तांदूळ तोच."

मुलीनं त्या रविवारी मुद्रित केलेलं थोडं वादन आणि गप्पा लोकांसमोर ठेवल्या. पाठोपाठ एका वर्तमानपत्रात लेख आला. 'विस्मृतीत गेलेला' हा शब्द त्यात तीन वेळा होता. माणूस बिबवेवाडीत होता, रोज दूध आणायला जात होता. विस्मृतीत गेला असेल तर त्या लेख लिहिणाऱ्यांच्याच. पण ते असो.

मग सत्कार सुरू झाले. ज्येष्ठ नागरिकांचा संघ, नाट्यप्रेमींचं मंडळ, एक वाचनालय, एक बँक. प्रत्येक ठिकाणी शाल, नारळ, मानपत्र आणि चार भाषणं. मी तीन सत्कारांना गेले, कारण काकांना गाडीतून न्यायला कोणी नव्हतं. तिन्ही ठिकाणी कुणीही त्यांना वाजवायला सांगितलं नाही. याचं कारण मी शोधलं, ते साधं आहे. ऑर्गन आणायला टेम्पो लागतो. शाल पिशवीत मावते.

एका सत्काराहून परत आल्यावर काकू कपाटाचं दार जोर लावून बंद करत म्हणाल्या, "पुढच्यांना सांग गं, रजई द्या म्हणावं. थंडीत अंगावर तरी येईल."

ती मुलगी तिथंच होती. म्हणाली, "काकू, मला तर शाल पण कोणी देत नाही. माझी गाणी ऐकून लोक लिहितात, खूप छान, सपोर्ट लोकल आर्टिस्ट. मग पुढचा कार्यक्रम ठेवला की येतात सात जण. त्यातले तीन माझे रूममेट."

"बाकीचे चार?"

"ते त्या कॅफेत आधीच बसले होते."

मला हे ऐकून राग आला, आणि माझा राग नेहमी काहीतरी काम अंगावर घेण्यात संपतो. मी म्हटलं, आपण कार्यक्रम करू. तिकीट लावून. सत्कार नाही, भाषण नाही, निवेदन नाही. एक तास ऑर्गन.

काका म्हणाले, "लोक येतील?"

"पैसे मोजून येतील तेवढे येतील."

"मग तुझे यजमान आणि तू," काकू म्हणाल्या.

शेजारी बसलेले माझे यजमान म्हणाले, "मला धरू नका. मी पास मागणार आहे."

ते थट्टेनं म्हणाले होते. बाकीचे थट्टेनं म्हणत नव्हते. तिकीट दोनशे रुपये होतं. बाहेर दोघांनी चहा आणि सँडविच खाल्लं तर याहून जास्त लागतात. तरी पुढचे दिवस माझा फोन फक्त पासासाठी वाजला. लेख वाचून ज्यांचे डोळे पाणावले होते ते पास मागत होते. ज्यांनी 'असे कलावंत जपले पाहिजेत' असं लिहून सगळ्यांना पाठवलं होतं, तेही. आमच्याच इमारतीतल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"अगं, आपलेच काका, आणि आपल्याला तिकीट?"

"आपल्याच वाण्याकडे साखर फुकट मिळते का?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"साखर लागतेच ना रोज."

त्या खरं बोलत होत्या.

सभागृह एका संस्थेचं मिळालं, मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. लहान, पण आवाज चांगला. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते, भाडं त्यांनी निम्मं केलं. आमची पत्रिका मात्र त्यांना टोचली. तिच्यावर मी छापलं होतं, 'सत्कार नाही. भाषण नाही. एक तास ऑर्गनवादन.'

"हे जरा उद्धट वाटतं, नाही का?" त्यांनी विचारलं.

"पुण्यात चालेल," मी म्हटलं.

"चालेल हो. पण दीपप्रज्वलन तरी? आमच्या वास्तूत दिवा न लावता कार्यक्रम झालेला नाही. दोन मिनिटं."

दोन मिनिटं मी मान्य केली. उलट मनातल्या मनात पंधरा धरली, कारण मला माणसं माहीत आहेत. सभागृह अर्धा तास जादा घेऊन ठेवलं. वेळेच्या बाजूनं कुठं फट राहणार नाही अशी माझी खात्री होती, आणि तशी ती राहिलीही नाही.

कार्यक्रमाला दीडशेपैकी एकशे दहा खुर्च्या भरल्या. मला बरं वाटलं. ऑर्गन मंचाच्या मधोमध ठेवला होता. मुलीनं आवाजाची व्यवस्था केली होती. काका पांढरा सदरा घालून ऑर्गनमागच्या बुटक्या बाकावर बसले. पायांनी भाता एकदा भरून पाहिला, एक सूर लावला, आणि सभागृह शांत झालं. तेवढ्यात अध्यक्षांनी त्यांना दिव्याकडे बोलावलं.

काका उठले. त्या बाकावरून उठायचं तर दोन्ही हातांनी ऑर्गनची कड धरावी लागे. दिवा मंचाच्या दुसऱ्या टोकाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. ते वाकले, वात लावली, परत आले, बसले. मग अध्यक्ष म्हणाले, सत्कार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण रिकाम्या हातानं आम्हाला लाज वाटेल. आणि पिशवीतून शाल काढली. काका उठले. पाठोपाठ काकांच्या जुन्या कचेरीतल्या निवृत्तांच्या संघाचे दोघे वर आले. त्यांनी पगडी आणली होती. काका उठले. नाट्यप्रेमींचं मंडळ, पुष्पगुच्छ. काका उठले. मग आमच्याच इमारतीतली मंडळी, ज्यांनी शेवटी तिकिटं काढली होती आणि आता ती वसूल करायला वर आली होती, त्यांनी एकेक करून पायांना हात लावला. प्रत्येकाला काका हातानं उठवत होते, म्हणजे आधी स्वतः उठत होते.

मी विंगेतून मागच्या बाजूनं त्यांच्याजवळ गेले आणि हळू म्हटलं, "काका, बसूनच घ्या."

"खजिनदारबाई," ते तोंड न हलवता म्हणाले, "बसून पगडी घेतात का कुणी?"

खरं आहे, घेत नाहीत. देणारा उभा असेल तर घेणाऱ्यानं उभं राहायचं. आपल्याकडे मान द्यायला कुणी परवानगी विचारत नाही आणि मान नाकारणाऱ्याला लोक माणूसघाणा म्हणतात. माझ्या घड्याळाप्रमाणे हे सगळं सोळा मिनिटांत आटोपलं होतं. माझा अंदाज एका मिनिटानं चुकला होता. वेळ भरपूर होता. पण मी वेळ मोजत होते आणि गुडघे मोजायचे होते, हे मला ते वाजवायला लागल्यावर कळलं.

सुरुवात फार चांगली झाली. भीमपलास होता. मला गाण्यातलं कळतं असं मी म्हणणार नाही, पण एक माणूस घाई न करता खोल्या उघडत चालला आहे असं वाटत होतं. डावा हात एकच सूर धरून बसलेला, उजवा थोडं पुढं जाई, मागं येई. मग मधेच सूर खचला. चालू गाडीचं पेट्रोल संपावं तसा. काकांनी पाय जोरात मारला, सूर परत भरला, परत खचला. उजवा गुडघा वाकेना झाला होता. त्यांनी एकट्या डाव्या पायावर भाता चालवून पाहिला. त्यानं सूर नुसता हेलकावत राहिला. एक तुकडा त्यांनी तसाच पुरा केला. मग पट्ट्यांवरचे हात उचलले आणि जोडले.

मी विंगेत उभी होते. मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल, काय झालं. सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. बराच वेळ वाजवल्या. अध्यक्षांनी माईक घेतला आणि वयाच्या या टप्प्यावरही जपलेल्या तपश्चर्येबद्दल चार वाक्यं बोलले. लोक समाधानानं बाहेर पडले. दारात दोघांनी माझं अभिनंदन केलं. म्हणाले, आटोपशीर झाला कार्यक्रम, हल्ली असे होत नाहीत.

गाडीत काका पुढच्या सीटवर पाय लांब करून बसले होते. स्वारगेट मागे पडल्यावर ते म्हणाले, "टाळ्या फार वाजल्या."

"हो," मी म्हटलं.

"तासभर वाजवलं असतं तर एवढ्या नसत्या वाजल्या."

घरी गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना फोन करून शस्त्रक्रियेची तारीख घेतली. तेव्हा मला स्वतःचा राग आलाच, पण सगळ्यांचाही आला. कुणी वाईट वागलं नव्हतं. वाईट वागलं असतं तर भांडता आलं असतं. मी झोपण्याआधी यजमानांना हे सगळं पुन्हा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "अगं, लोकांना काकांना बघायचं होतं. ते त्यांनी बघितलं." एवढं म्हणून ते कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी होती, 'ऑर्गनच्या सुरांत रसिक चिंब'. फोटोत काका, पगडी आणि अध्यक्ष. ऑर्गन कापला गेला होता.

त्याच सकाळी मला पत्रिकेवरच्या नंबरावर एक संदेश आला. लिहिलं होतं, 'आपल्या पत्रिकेवर एक तास वादन असे छापले होते. वादन वीस मिनिटेही झाले नाही. कलावंतांची प्रकृती ठीक नसल्यास तसे सांगायला हवे होते. ठीक असल्यास उरलेले वादन कधी होणार ते कळवावे.'

मी उभ्या उभ्या चिडले. आदल्या दिवशीचा सगळा राग गोळा करून मी उत्तर लिहायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. एकशे दहा माणसांत उरलेलं वादन मागणारं हे एकच माणूस होतं. मी लिहिलेलं पुसलं आणि खाली जाऊन तो संदेश काकांना वाचून दाखवला.

काकू म्हणाल्या, "कोण हा आगाऊ?"

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून स्वतः वाचला, आणि म्हणाले, "यांना बोलवा. दवाखान्यात जायच्या आधी."

'हा' म्हणजे एक बाई निघाल्या. शनिवार पेठेत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या आसपास. मंडईतून येताना घेतलेली मेथी आणि वांगी पिशवीत घेऊनच त्या आल्या. वेळेवर आल्या. पाया पडल्या नाहीत, वाकल्या नाहीत, नुसता नमस्कार केला आणि विचारलं, "मी कुठं बसू?"

ऑर्गन आतल्या खोलीत पलंगाला चिकटून असतो. बाईंना खुर्ची दिली. मी आणि काकू पलंगावर. मुलगी खराडीहून आली होती, ती दाराशी माईक लावून खाली बसली. काकांनी सांगितलं, "मधे मधे थांबीन. गुडघा ऐकत नाही."

"थांबा की," बाई म्हणाल्या. "मला कुणी बाहेर काढणार नाहीये."

काका वाजवायला लागले. थोडं वाजवायचे, थांबायचे, पाय सरळ करायचे, पुन्हा सुरू करायचे. थांबल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई खिडकीकडे बघत बसून राहायच्या. मधे फरशी कापण्याचा आवाज सुरू झाला, तो संपेपर्यंत सगळे गप्प बसलो. थांबण्याचा वेळ वगळला तर वादन तासाला थोडं कमी झालं असेल. मी मोजलं नाही, हे आधीच सांगते.

नंतर मुलीनं ते मुद्रण लोकांसमोर ठेवलं. जवळजवळ तासाभराच्या त्या वादनाखाली, ते टाकल्यापासून पाचव्याच मिनिटाला पहिला 'अप्रतिम' आला. त्या माणसानं काय ऐकलं असेल ते त्यालाच ठाऊक. काकांनी तो 'अप्रतिम' पाहिला आणि फोन मुलीला परत दिला.

पण त्या दुपारी, वादन संपलं तेव्हा, बाईंनी खिडकीकडून मान वळवली. मग म्हणाल्या, "छान. पण तिसऱ्यांदा थांबलात ना, त्याच्या आधीचा भाग घाईत गेला. आणि डावा हात तिथं जड झाला."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. चहा द्यावा की न द्यावा, अशा विचारात त्या पडल्या होत्या.

काका मात्र बाकावर पुढं सरकले. "कुठं?"

बाईंनी हलक्या आवाजात ती जागा गुणगुणून दाखवली. काकांनी ती वाजवली. बाईंनी मान हलवली, नाही अशी. काकांनी पुन्हा वाजवली, डाव्या हाताची दोन बोटं उचलून. इतक्या महिन्यांत या माणसाच्या वयाबद्दल, साधेपणाबद्दल, तपश्चर्येबद्दल सगळे बोलले होते. त्यांच्या डाव्या हाताबद्दल कुणीतरी पहिल्यांदा बोलत होतं.

तेवढ्यात काकूंच्या हातातला फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. पलीकडून एक आदबशीर आवाज म्हणाला, की आमच्या संस्थेनं यंदाचा जीवनगौरव काकांना द्यायचं ठरवलं आहे, तारखेसाठी जरा बोलायचं होतं.

"ते कामात आहेत," काकू म्हणाल्या.

"हो का? कसल्या कामात?"

"वाजवतायत."

"अच्छा, म्हणजे मोकळेच आहेत. मग द्या ना जरा त्यांच्याकडे."

काकूंनी फोन बंद करून उशीखाली सारला. बाई म्हणाल्या, "हं, परत घ्या तिथून," आणि काकांनी पाय भात्यावर ठेवले.